टॅक्रोची गोळी निम्मी करू का? राजापूरच्या एका ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातल्या एका ताईंच्या यजमानांचं तीन वर्षांपूर्वी मुंबईत किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी सासूबाईंनी दिली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करते का ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, १.२ वर स्थिर आहे. नवी किडनी टिकावी म्हणून टॅक्रोलिमसची, थोडक्यात टॅक्रोची, कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ चालू आहे. हे औषध मातीतल्या जंतूपासून बनतं आणि प्रतिकारशक्ती मारतं, असं त्यांच्या पुतण्याने वाचून सांगितलं. तेव्हापासून घरात भीती बसली आहे. ताई विचारतात: हे जंतू पोटात जातात का? प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा देऊ का? लावणीला चिखलात जाऊ द्यायचं का? आणि आता सगळं ठीक आहे, तर गोळी निम्मी केली तर चालेल का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे प्रश्न थांबू शकतात, हा थांबू शकत नाही. गोळी निम्मी करू नका. एक वेळही चुकवू नका. क्रिएटिनिन १.२ आहे म्हणून गोळी कमी करावी असं तुम्हाला वाटतंय, पण ते १.२ राहिलंय ते तीन वर्षं गोळी वेळेवर पोटात गेली म्हणून. गेली बावीस वर्षं मी कोकणात किडनीचे रुग्ण बघतोय. ट्रान्सप्लांट झालेली किडनी गमावलेले जे रुग्ण मला आठवतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची गोष्ट "आता बरं वाटतंय" इथूनच सुरू झाली होती. रिजेक्शन, म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारणं, सुरू होताना बहुतेक वेळा काही दुखत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. रक्त तपासल्यावरच कळतं आणि तोवर किडनीचा काही भाग कायमचा गेलेला असतो.

आता जंतूंचं. कॅप्सूलमध्ये एकही जंतू नसतो. घाण्यावरून आणलेल्या खोबरेल तेलात खोबऱ्याचा तुकडा सापडत नाही, तसंच हे. कारखान्यात मोठ्या टाक्यांमध्ये हे जंतू वाढवतात, त्यांनी तयार केलेलं रसायन वेगळं काढतात, शुद्ध करतात आणि तेवढंच कॅप्सूलमध्ये भरतात. या जंतूंच्या कुळाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस. तुम्ही त्यांना जन्मापासून ओळखता. मृगाची पहिली सर पडली की मातीचा जो वास सुटतो, तो मुख्यतः जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते द्रव्य बनवणाऱ्यांत हे जंतू पुढे आहेत. क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, याच कुळातून आलं. तेव्हा मातीतला जंतू म्हटल्यावर घाबरून जायचं कारण नाही.

टॅक्रोलिमस बनवणारा जंतू जपानमध्ये मिळाला. १९८४ साली फुजिसावा कंपनीच्या संशोधकांना टोकियोच्या उत्तरेला असलेल्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीत तो सापडला. औषधाच्या नावातला 'ट' त्सुकुबाचाच. १९८९मध्ये पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांनी ते पहिल्यांदा रुग्णांना दिलं आणि १९९४मध्ये अमेरिकेत यकृताच्या ट्रान्सप्लांटसाठी त्याला मान्यता मिळाली. त्याचा एक चुलतभाऊ आहे, सिरोलिमस. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती तुमच्या चिखलाच्या प्रश्नाशी जाऊन भिडते.

१९६४च्या अखेरीस कॅनडातून डॉक्टर आणि शास्त्रज्ञांची एक तुकडी जहाजाने प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. स्थानिक लोक त्या बेटाला रापा नुई म्हणतात. तुकडीत जॉर्ज नोग्रादी नावाचे जंतुशास्त्रज्ञ होते. बेटावर घोडे पुष्कळ आणि माणसं अनवाणी हिंडणारी, तरी त्यांना धनुर्वात कसा होत नाही, हे कोडं त्यांना पडलं. त्यांनी बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येक भागातली माती कुपीत भरून घेतली. धनुर्वाताचे जंतू एकाच कुपीत निघाले. पुढे ही माती मॉन्ट्रियलच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. तिथे सुरेन सेहगल काम करत होते. आपल्याकडचेच, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. त्यांनी १९७२ साली त्या मातीतल्या एका जंतूपासून एक नवं द्रव्य वेगळं केलं आणि बेटाच्या नावावरून ते रॅपामायसिन म्हणून ओळखलं जाऊ लागलं. तेच आजचं सिरोलिमस. आधी ते बुरशीवरचं औषध म्हणून पाहिलं गेलं. प्रतिकारशक्ती दाबतं हे नंतर लक्षात आलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, प्रकल्पही गुंडाळला. सेहगलांनी त्या जंतूचे नमुने घरी नेऊन फ्रीझरमध्ये जपले आणि काही वर्षांनी कंपनीला पुन्हा त्यावर काम करायला लावलं. १९९९ साली किडनी ट्रान्सप्लांटसाठी औषध मंजूर झालं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या स्टेंटनाही याच औषधाचा लेप लावला गेला. त्या बेटावरच्या लोकांना यातून नावापलीकडे फारसं काही मिळालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मातीतल्या जंतूला आपली प्रतिकारशक्ती दाबून काय मिळणार, असा प्रश्न तुमच्या पुतण्याला पडला असेल. आपण त्याच्या हिशेबातच नाही. मातीत त्याची गाठ पडते ती बुरशीशी आणि तिला आवर घालणारं द्रव्य तो बनवतो. बुरशीची पेशी आणि आपली पेशी आतून बऱ्याच सारख्या आहेत. रॅपामायसिन पेशीतल्या ज्या प्रथिनावर घाव घालतं ते १९९१मध्ये आधी यीस्टमध्ये ओळखलं गेलं, मग तसंच प्रथिन माणसातही सापडलं. बुरशीसाठी घडलेली किल्ली आपल्या कुलपालाही लागली, एवढंच.

आता "प्रतिकारशक्ती मारतं" या वाक्याकडे येऊ, कारण घरातली भीती इथून निघाली आहे. वाडीत रात्री चोर शिरला तर काय होतं? ज्याला दिसतो तो आरोळी ठोकतो. आरोळी ऐकून एकेक घर जागं होतं, माणसं काठ्या घेऊन बाहेर पडतात. शरीरात पहारा करणाऱ्या पेशींना टी-पेशी म्हणतात. परकी किडनी दिसली की टी-पेशीच्या आत कॅल्सिन्युरिन नावाचं प्रथिन जागं होतं आणि त्याच्या इशाऱ्यावर इंटरल्यूकिन-२ बाहेर पडतं. ही आरोळी. टॅक्रोलिमस पेशीत शिरतं, तिथल्या एका छोट्या प्रथिनाला जोडीला घेतं आणि दोघं मिळून कॅल्सिन्युरिनला धरून ठेवतात. आरोळी घशातच राहते. सिरोलिमस त्याच छोट्या प्रथिनाला जोडीला घेतं, पण अडवतं पुढच्या पायरीला. आरोळी ऐकू येते, पण वाडी जमत नाही. पेशींची संख्या वाढत नाही.

पहारेकरी मात्र मरत नाहीत. ते जिवंत असतात, फिरत असतात. गोळीचा अंमल उतरला की त्यांचा आवाज परत येतो आणि समोर तीच किडनी असते. तीन वर्षांनी शरीराला आईची किडनी सवयीची झाली असेल असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. काही अंशी शरीर निवळतं, म्हणूनच सुरुवातीच्या महिन्यांपेक्षा आता त्यांचा डोस कमी असेल. पण पूर्ण ओळख सहसा पटत नाही. आईची किडनी एकसारख्या जुळ्या भावाच्या किडनीसारखी तंतोतंत नसते, तिच्यावरच्या निम्म्या खुणा मुलाकडे न आलेल्या, म्हणजे तुमच्या यजमानांच्या शरीराला परक्या अशा असतात.

या औषधाची अडचण अशी की योग्य मात्रेचा पट्टा अरुंद आहे. रक्तात कमी पडलं तर रिजेक्शन, जास्त झालं तर हेच औषध किडनीला इजा करतं, हात थरथरतात, साखर आणि रक्तदाब वाढतो, पोटॅशियम चढतं, जंतुसंसर्गाला वाट मिळते. म्हणून आम्ही टॅक्रो लेव्हल, म्हणजे रक्तातली टॅक्रोलिमसची मात्रा, बघतो. तुमच्या यजमानांसारख्या रुग्णात मिलिलिटरमागे साधारण ५ ते ८ नॅनोग्रॅमच्या आसपास ती ठेवतात. नेमका आकडा तुमचे मुंबईचे डॉक्टर ठरवतील. खाडीतून होडी काढताना तांडेल खडक आणि रेती दोन्हीकडे नजर ठेवतो, तशी या आकड्यावर आमची नजर असते.

हा आकडा काय-काय हलवतं ते एका रुग्णावरून सांगतो. सिंधुदुर्गातले एक भजनी बुवा, त्यांच्या मंडळात पखवाज त्यांच्याच धाकट्या भावाकडे. ट्रान्सप्लांट या भावाचं झालेलं. गणपतीनंतर दहाव्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन बसला, दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "हात थरथरतत. ठेको धरूक गावणा नाय." मी त्याला हात पुढे पसरायला सांगितलं आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागदाची कड सारखी फडफडत होती, पंखा बंद असताना. डबलबारीला समोरच्या मंडळाने चिडवलं, एवढंच त्याला डाचत होतं. मला त्या कागदाकडे बघून लेव्हलची काळजी लागली. आली २१. गोळ्या बरोबर, वेळ बरोबर, नवीन औषध कुठलंच नाही. अर्धा तास खोदून विचारल्यावर त्याची बायको म्हणाली, माटवीला बांधलेली पपनसं उतरवली ती रोज एक खाल्ली, फळ वाया कशाला घालवायचं. तिथे उत्तर मिळालं.

पपनस आणि त्याच्या जातकुळीतलं ग्रेपफ्रूट यांत असं द्रव्य असतं जे आतड्यातल्या एका एन्झाइमला निकामी करतं. हे एन्झाइम एरवी टॅक्रोलिमसचा मोठा भाग रक्तात जाण्याआधीच तोडून टाकतं. ते बंद पडलं की तीच कॅप्सूल दुपटी-तिपटीने अंगात जाते. सकाळी गोळी आणि दुपारी पपनस असं अंतर ठेवूनही भागत नाही, कारण आतड्याला नवीन एन्झाइम बनवायला दोन-तीन दिवस लागतात. पपनस बंद केलं, एक डोस थांबवला, पुढचे कमी केले. आठवड्याने त्याने टेबलावर बोटांनी ठेका वाजवून दाखवला. संत्रं, मोसंबी खुशाल द्या. पपनस घरात इतरांनी खावं.

जुलाबानेही लेव्हल वाढते, कमी होत नाही. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. आतड्याचं अस्तर दुखावलं की तेच एन्झाइम कमी पडतं. म्हणून दोन दिवसांपेक्षा जास्त जुलाब झाले तर "औषध बाहेर पडलं असेल" म्हणून जादा गोळी देऊ नका. फोन करा.

दुसरी गोष्ट जड मनाने सांगतो. गुहागरकडचा एक सुतार, ट्रान्सप्लांटला पाच वर्षं झालेली. खोकला, ताप, वजन उतरलं. एका दवाखान्यात क्षयाचं निदान झालं आणि औषधं सुरू झाली. निदान बरोबर होतं, औषधंही क्षयासाठी बरोबर होती. पण त्यांत रिफाम्पिसिन होतं आणि टॅक्रो चालू आहे हे कोणी विचारलं नाही, यानेही सांगितलं नाही. रिफाम्पिसिन यकृत आणि आतड्यातलं तेच एन्झाइम कितीतरी पटीने वाढवतं. माझ्याकडे आला तेव्हा लेव्हल २ च्या खाली आणि क्रिएटिनिन १.३ वरून २.९. बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावर, रिजेक्शन दिसलं. स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली, रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन आणलं, किडनी वाचली पण पूर्वीसारखी राहिली नाही. रिफाम्पिसिनचं मूळही मातीतच. १९५७मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पाइनच्या जंगलातून आणलेल्या मातीतल्या जंतूपासून मिलानच्या प्रयोगशाळेने त्याचा मूळ पदार्थ काढला. दोन मातींची ही औषधं त्या माणसाच्या यकृतात एकमेकांवर उठली. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक ट्रान्सप्लांट रुग्णाच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर मी लाल पेनाने लिहितो: "टॅक्रो चालू. कुठलंही नवीन औषध विचारून." तुम्हीही लिहा. मेडिकलवाल्याला दाखवा, दातांच्या डॉक्टरला दाखवा, गावच्या डॉक्टरला दाखवा. घशाला द्यायचं क्लॅरिथ्रोमायसिन, नायट्याला द्यायचं फ्लुकोनॅझोल, रक्तदाबाचं डिल्टियाझेम ही लेव्हल वाढवतात. फिटच्या आजारावरचं फेनिटोइन ती पाडतं. दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या लेव्हल हलवत नाहीत, पण किडनीला थेट मारतात. त्या नकोतच.

गुळवेलीचा काढा देऊ नका. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणूनच लोक ती घेतात ना? मग ज्या आरोळीला आपण रोज दोन कॅप्सूल देऊन दाबतोय, तिलाच काढ्याने हाक कशाला घालायची? शिवाय २०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वाचनात आला असेल. वाद कसाही मिटो, ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला मी ती देणार नाही. अश्वगंधा, इम्युनिटी बूस्टर म्हणून विकतात ती चूर्णं, तीही नाहीत. आल्याचा चहा, आमसुलाचं सार, जेवणातली हळद चालते.

आता लावणी. शेतकरी माणसाला बांधावर बसवून ठेवणं किती जड जातं ते मला माहीत आहे. माझे वडील अंगात ताप असताना चिखलात उतरायचे. तरीही पहिलं सांगणं हेच की यंदाची लावणी इतरांनी करावी. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो असतो, उंदीर-गुरांच्या मुतातून चिखलात येणारा, पायाच्या भेगेतून शिरणारा. तो मुळातच किडनीवर जातो आणि यांची कामाची किडनी एकच आहे. कर्नाटकच्या किनाऱ्यावर, उडुपी-मंगळूर पट्ट्यात, मेलिओइडोसिस नावाचा मातीतूनच येणारा आजार पावसात वाढतो. मधुमेही त्याला लवकर सापडतात, आणि टॅक्रोने साखर वाढू शकते. म्हणजे मातीतल्या एका जंतूच्या औषधावर जगणाऱ्या माणसाने मातीतल्या दुसऱ्या जंतूंपासून जपायचं आहे. अगदी जावंच लागलं तर गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातमोजे, पायाला भेग किंवा जखम असेल तर अजिबात नाही, आणि घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करायचे. लेप्टोसाठी आरोग्यसेवक डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिनच्या) गोळ्या देतात. ती टॅक्रोशी फारशी भांडत नाही, तरी घेण्याआधी मला कळवा. ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला ताप कमी येतो, त्यामुळे १०० चा तापही मी मोठा धरतो.

खाण्याचं थोडक्यात. मासे खाऊ द्या, पण नीट शिजलेले. कालवं आणि तिसऱ्या अर्ध्या कच्च्या नकोत, त्यांत समुद्रातले जंतू साठतात. सुकी मासळी मिठामुळे रक्तदाब चढवते, चवीपुरती. शहाळ्याबद्दल मात्र ठाम सांगतो. आजारी माणसाला शहाळं द्यायची आपली रीत आहे, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि टॅक्रो आधीच पोटॅशियम चढवतं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५ च्या वर असेल तर शहाळं बंद. विहिरीचं पाणी पावसाळ्यात उकळून प्यायचं.

राहिली तपासणी. रक्त द्यायला रत्नागिरीला येता तेव्हा यजमान सकाळी निघतानाच कॅप्सूल घेतात, असं तुमच्या पत्रावरून वाटतंय. तसं केलं तर लेव्हल खोटी चढलेली दिसते आणि तिच्यावर विसंबून कोणी डोस कमी करेल. आदल्या रात्री आठला कॅप्सूल घेतली असेल तर सकाळी आठला रक्त द्यायचं, कॅप्सूल खिशात, सुई निघाली की लगेच घ्यायची. एसटी उशिरा पोचली तर किती वाजता रक्त दिलं ते चिठ्ठीवर लिहा. कॅप्सूल पाकिटातून काढून डबीत भरून ठेवू नका, आपल्याकडच्या ओलीत ती खराब होते. दुकानात दुसऱ्या कंपनीची टॅक्रो मिळाली तर घेण्याआधी फोन, घेतली तर आठवड्याने लेव्हल.

बीसीजी, गोवर, कांजिण्या यांच्यासारख्या जिवंत जंतूंच्या लसी यजमानांना देऊ नयेत. फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी द्या, पावसाच्या आधी.

पुढच्या वेळी येताना सासूबाईंनाही घेऊन या. किडनी दिलेल्या माणसाची तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी. त्यांचा रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन शेवटचं कधी बघितलं, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही.